नावाचा सातबारा

पोरी,

पोळ्याला आली होतीस तेव्हा विचारलंस, "मोठेबाबा, कंपनीचं डीएनएस माझ्याकडे आलंय. आतापर्यंत सगळे कन्सोलवर हातानं करायचे, आता टेराफॉर्ममध्ये आणा म्हणतात. कुठून सुरू करू?" बैलं सजवायची घाई होती, घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा दोन वाक्यांवर भागवलं. आज निवांत लिहितो. पंचवीस वर्षं नागपूर आणि पुण्यात मी नावांचीच राखण केली. त्यातलं जे उपयोगाचं उरलं, ते तुझ्या हाती देतो.

सुरुवात आपल्या गावापासून कर. तालुक्याचं नाव केळापूर, तहसील पांढरकवड्याला. केळापूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जगदंबेचं देऊळ येतं, पण सरकारी कागदावर 'तालुका केळापूर' दिसलं की पाय पांढरकवड्याकडे वळतात. आपल्याला हे कोणी शिकवावं लागलं नाही, नवीन माणसाला मात्र सांगावं लागतं. डीएनएसमधलं सीनेम रेकॉर्ड एवढंच सांगतं: हे त्या नावाचं दुसरं नाव आहे, पत्ता तिकडे विचारा. ए रेकॉर्ड थेट आयपी पत्ता देतं. एमएक्स टपाल कुठे टाकायचं ते सांगतं. एनएस सांगतं की या नावाचा कारभार कोणाकडे आहे. आणि जिल्ह्याचं म्हणशील तर 1905 पर्यंत हा वणी जिल्हा होता, इंग्रजी कागदांत 'वून'. त्या साली त्याचं यवतमाळ झालं. जमीन तीच राहिली, नाव बदललं. क्लाउडमध्ये उलटं होतं. नाव तेच राहतं आणि खालची जमीन सरकत असते. ॲमेझॉननं मुंबईत 2016 साली रीजन उघडलं, हैदराबादेत 2022 साली. आज तुमचं ॲप मुंबईत आहे, उद्या खर्चासाठी किंवा सुरक्षेसाठी हैदराबादेत नेतील. ग्राहकाला यातलं काही कळत नाही आणि कळूही नये. त्याच्यापाशी फक्त नाव असतं. म्हणून नावाची नोंद चुकली की सर्व्हर, डेटाबेस सगळं धडधाकट असूनही दुकान बंद.

नावांचा आणि पत्त्यांचा हा घोळ आपल्या देशात एका मराठी माणसानं सोडवला, हे तुला माहीत असावं. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले. त्यावर त्यांनी पिनकोड काढला आणि 15 ऑगस्ट 1972 रोजी तो सुरू झाला. आपला 445302 बघ. पहिला 4 वाचणाऱ्याला पांढरकवडा ठाऊक असायची गरज नाही. 44 वाचला की पत्र विदर्भाकडे निघालं, 445 वाचला की यवतमाळ जिल्ह्याकडे, आणि शेवटचे तीन आकडे आपलं पोस्ट ऑफिस. प्रत्येकाला फक्त पुढचं दार माहीत. पॉल मॉकापेट्रिसनं 1983 मध्ये डीएनएस रचलं ते याच विचारानं. त्याआधी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये ठेवत, एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची माणसं ती सांभाळत. जाळं वाढलं आणि एका वहीत मावेना. मग वही फोडून वाटून दिली. फरक इतकाच की पिनकोड डावीकडून वाचतात, डोमेनचं नाव उजवीकडून.

हे लांबण लावायचं कारण आहे. तुझ्या हातात अख्खं डीएनएस नाही, त्या मोठ्या वहीचं एक पान आहे. त्यालाच झोन म्हणतात. वरच्या पानावर तुझ्या पानाचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता जपणं हे तुझं पहिलं काम. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तिथेच मी सगळ्यात मोठा मार खाल्ला आहे.

आता मूळ प्रश्न, कुठून सुरू करू. कोड लिहून सुरू करू नकोस. आधी उतारा काढ. शेतीचा व्यवहार करायचा तर आपण पहिल्यांदा सातबारा बघतो ना, तसा आहे त्या झोनचा पूर्ण उतारा काढ, जसाच्या तसा, एकही ओळ न सुधारता. तो छापून घे. प्रत्येक ओळीसमोर लिही की हे रेकॉर्ड कोणाचं, कशासाठी, कोणाला विचारायचं. चाळीस ओळी असतील तर पंचवीस पटकन भरतील. उरलेल्या पंधरा खऱ्या कामाच्या. विचित्र अक्षरांची टीएक्सटी रेकॉर्डं असतील. एखादं कोणत्या तरी सेवेनं मालकी तपासायला मागितलेलं, एखादं मेलच्या सहीचं. 'हे कोणालाच माहीत नाही, काढून टाकू' असं कोणी म्हणेल. काढू नकोस. ए रेकॉर्ड निकामी आहे का ते सर्व्हरच्या लॉगवरून कळतं, पण टीएक्सटी कोण कधी वाचतो ते आपल्याला दिसत नाही. तीन महिन्यांनी बिलाचे मेल ग्राहकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात आणि कोणाला कारण उमजत नाही. ज्याचा मालक सापडला नाही ते रेकॉर्ड कोडमध्ये घे, वर टिपणीत 'मालक अज्ञात' लिही आणि तारीख टाक.

मग कोणतंही रेकॉर्ड नव्यानं निर्माण करायचं नाही, टेराफॉर्मच्या, म्हणजे कोड वाचून क्लाउडवर अंमल करणाऱ्या साधनाच्या, ताब्यात द्यायचं. त्याला इम्पोर्ट म्हणतात. पूर्वी एकेक रेकॉर्डासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागे. 2023 च्या 1.5 आवृत्तीपासून इम्पोर्टचा ब्लॉक कोडमध्येच लिहिता येतो, म्हणजे तोही इतरांच्या नजरेखालून जातो. इम्पोर्ट झाल्यावर प्लॅन चालव, म्हणजे काय बदलणार ते आधी विचार. त्यानं 'बदल काही नाही' असं म्हटलं पाहिजे. टीटीएल (ही मुदत, पुढे सांगतो) 300 च्या जागी 3600 पडला, एवढा बारीक फरक दिसला तरी थांब आणि कोड आहे त्या स्थितीशी जुळव. सुधारणा मनात कितीही आल्या तरी हे शून्य येईपर्यंत एकही बदल करायचा नाही. मी हा नियम सुरुवातीला पाळला नव्हता. आणायचं आणि सुधारायचं अशी दोन्ही कामं एकाच दिवशी केली, आणि मोडलं तेव्हा कशामुळे मोडलं हे शोधायला रात्र गेली.

तू विचारशील, टेराफॉर्म की ओपनटोफू? 2023 च्या ऑगस्टमध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पनं त्याचा परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू निघालं. कंपनी जे म्हणेल ते वापर. मी सांगतो त्यातलं काही त्यानं बदलत नाही.

आता फेरफाराचं. हे मन लावून वाच, कारण कोडमध्ये नावं लिहिण्याचा सगळा अर्थ यात आहे.

तुझे आजोबा गेले तेव्हा वारस नोंदीसाठी मी तलाठ्याकडे गेलो होतो. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव खोडून माझं आणि तुझ्या बाबांचं लिहिलं, असं तिथे होत नाही. आधी फेरफार नोंदवहीत, गाव नमुना 6 मध्ये, नोंद धरतात. तिला क्रमांक पडतो. हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठे सातबारा बदलतो. आणि बदलतो तोही कसा? जुन्या नावाला कंस होतो, ते पुसत नाहीत. नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक येतो. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं की हे नाव इथे कसं आलं, तर तो क्रमांक धरून मागे मागे जाता येतं.

तुझं गिट म्हणजे ही फेरफार नोंदवही. पुल रिक्वेस्ट म्हणजे धरलेली नोंद. प्लॅनचा निकाल म्हणजे नोटीस: अमुक दोन येणार, अमुक एक बदलणार, अमुक एक जाणार. सहकारी वाचून मान्यता देतो ते मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन. ॲप्लाय म्हणजे सातबाऱ्यावर अंमल. कन्सोलवर जाऊन थेट बदल करणं म्हणजे तलाठ्याच्या टेबलावरची वही ओढून त्यात आपल्या हातानं नाव लिहिणं. ते चालतं, लगेच चालतं, आणि म्हणूनच घातक आहे.

यातून चार सवयी लावून घे. प्लॅन फाइलमध्ये जतन कर आणि तीच फाइल ॲप्लाय कर. वाचलेला प्लॅन एक आणि अंमल झालेला दुसरा असं होऊ नये, कारण मधल्या तासाभरात कोणी काही बदललेलं असू शकतं. प्लॅनमध्ये 'जाणार' या शब्दापुढे शून्य सोडून काहीही असेल तर दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखव. कमिटच्या संदेशात 'रेकॉर्ड बदललं' असं लिहू नकोस. काय बदललं ते दिसतंच आहे, का बदललं ते लिही. आणि स्टेट फाइलला, म्हणजे आपल्या ताब्यात काय काय आहे ते टेराफॉर्म जिच्यात लिहून ठेवतं तिला, कुलूप असू दे, दोघांनी एकाच वेळी ॲप्लाय चालवता कामा नये. ती फाइल कोणाच्या लॅपटॉपवर नको, सगळ्यांच्या सामायिक जागी हवी, जुन्या आवृत्त्यांसह.

आता वहिवाट. आपल्या खालच्या वावराचा धुरा आठवतो ना? शेजारी दर वर्षी वखरताना एखादं तास इकडे सरकायचा. कागदावर आपलं क्षेत्र होतं तेवढंच राहिलं, वावरात कमी होत गेलं. तुझ्या आजोबांनी शेवटी मोजणी आणली तेव्हा किती सरकलं ते कळलं. कागद एक आणि वहिवाट दुसरी, हे जितकं जुनं होतं तितकं सोडवणं कठीण. टेराफॉर्मवाले याला ड्रिफ्ट म्हणतात. रात्री दोन वाजता कोणीतरी कन्सोलवर जाऊन आयपी बदलतो, साइट सुरू होते, सगळे झोपायला जातात. कोडमध्ये जुनाच आयपी आहे. तीन आठवड्यांनी तू भलतंच रेकॉर्ड टाकायला ॲप्लाय करतेस, टेराफॉर्म इमानदारीनं तो जुना आयपी परत आणतो आणि साइट पडते. दोष तुझ्या नावावर.

रात्री दोन वाजता हातानं बदलणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. आग लागली की विहिरीचा मालक कोण हे विचारत बसत नाहीत. पण सकाळी पहिलं काम ते बदल कोडमध्ये आणण्याचं. आणि रोज मोजणी आण: रात्री आपोआप प्लॅन चालावा, फरक दिसला तर सकाळी तुमच्या गटाला निरोप यावा. महिनाभर हे सुरळीत चाललं की कन्सोलवरचा लिहिण्याचा अधिकार काढून घे, स्वतःचाही. आणीबाणीसाठी एक वेगळं खातं ठेवा, ज्याचा वापर झाला की सगळ्यांना कळतं.

आता माझा मार. साल सांगत नाही, कंपनीही नाही. ॲमेझॉनच्या राउट 53 या डीएनएस सेवेवर आमचा झोन होता. एक सहकारी कोडची मांडणी साफ करत होता, त्यात झोनच्या ब्लॉकचं नाव बदललं. टेराफॉर्मच्या दृष्टीनं जुनं नाव नाहीसं झालं आणि नवं आलं, म्हणून त्यानं प्लॅनमध्ये लिहिलं की झोन जाणार आणि झोन येणार. आतली सगळी रेकॉर्डंही जाणार आणि येणार. आम्ही दोघांनी वाचलं. आकडे जुळत होते, जेवढे जाणार तेवढेच येणार, म्हणून मान्य केलं. दोन मिनिटांत नवा झोन उभा राहिला, प्रत्येक रेकॉर्ड जागेवर. आणि कंपनीचं नाव जगातून गेलं.

कारण असं की राउट 53 प्रत्येक नव्या झोनला चार नेमसर्व्हर देतं, आणि ते चार पहिल्यासारखेच मिळत नाहीत. वरच्या पानावर, म्हणजे रजिस्ट्रारकडे, जुन्या चौघांची नावं लिहिलेली होती. लोक येऊन त्या जुन्या दारांवर विचारत होते आणि तिथे आमचं घर उरलेलं नव्हतं. रजिस्ट्रारकडे नवी नावं भरेपर्यंत दीड तास गेला, कारण त्या खात्याचा पासवर्ड सुट्टीवरच्या माणसाकडे होता. भरल्यावरही लगेच सुटका नाही. डॉट कॉमच्या वरच्या पानावरच्या एनएस नोंदी जगभर दोन दिवस लक्षात ठेवल्या जातात आणि त्या मुदतीवर आपलं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन येत होते.

त्या दिवसापासून माझे नियम ठरले. झोन आणि त्यातली रेकॉर्डं वेगवेगळ्या स्टेटमध्ये; झोनच्या कोडला वर्षातून एखाद्या वेळीच हात लागला पाहिजे. झोनवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लावलेलं असलंच पाहिजे, म्हणजे तो ब्लॉक कोडमध्ये त्याच नावानं असेपर्यंत नष्ट करण्याचा प्लॅन पुढेच जात नाही; ब्लॉकच काढला किंवा त्याचं नाव बदललं तर मात्र ते वाचवत नाही. झोनवर 'फोर्स डिस्ट्रॉय' कधीही नाही. कोडमधलं नाव बदलायचं तर 'मूव्हड' ब्लॉक लिहायचा, त्यानं टेराफॉर्मला कळतं की ही तीच वस्तू आहे, फक्त हाक बदलली. आणि रजिस्ट्रारच्या खात्याची किल्ली किमान दोन माणसांकडे. पोरी, बाकी सगळं विसरलीस तरी एवढा परिच्छेद वहीत उतरवून ठेव.

याच्याच जातीची एक छोटी चूक फार जण करतात. रेकॉर्डांची यादी करून 'काउंट'नं फिरवतात. मग टेराफॉर्म त्यांना पहिलं, दुसरं, तिसरं असं क्रमानं ओळखतं. मधलं एक काढलं की खालची सगळी एकेक पायरी वर सरकतात, आणि प्लॅन त्या सगळ्यांना पाडून पुन्हा बांधायला निघतो. 'फॉर ईच' वापर आणि प्रत्येकाला नावानं ओळख. ओळीत कितवा उभा आहे यावरून घरच्या माणसाला कोणी हाक मारत नाही.

टीटीएल म्हणजे लोकांनी तुझं उत्तर किती वेळ लक्षात ठेवावं ती मुदत, सेकंदांत. सर्व्हर हलवायचा असेल तर मुदत आदल्या दिवशी कमी कर, हलवताना नव्हे. जुनी मुदत एक दिवसाची असेल तर ज्यानं आज सकाळी विचारलं तो उद्या सकाळपर्यंत पुन्हा विचारणारच नाही, तू इकडे काहीही बदल. म्हणून क्रम असा: सोमवारी टीटीएल 86400 वरून 60 वर, मंगळवारी संध्याकाळी स्थलांतर, दोन दिवस शांत गेले की टीटीएल परत वर. तीन वेगळ्या पुल रिक्वेस्ट. काम झालं म्हणून तिसरी विसरतात, ती विसरू नकोस.

'नाही' हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवलं जातं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. रेकॉर्ड अजून तयार झालेलं नाही आणि तू उतावीळपणे ब्राउझरमध्ये नाव टाकून बघितलंस, तर तुझ्या कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे तुमच्या वतीनं नावं विचारून आणणारा सर्व्हर, 'असं नाव नाही' हे ध्यानात ठेवतो. राउट 53 च्या ठरलेल्या मांडणीत ही मुदत पंधरा मिनिटांची आहे. आधी ॲप्लाय पूर्ण होऊ दे, मग डिग ही आज्ञा वापरून थेट झोनच्या नेमसर्व्हरला विचार, आणि सगळ्यात शेवटी ब्राउझर.

मुदतीचा फटका मोठ्यांनाही बसतो. 30 सप्टेंबर 2021 ला स्लॅक आपल्या मुख्य डोमेनवर डीएनएसएसईसी लावत होतं. म्हणजे उत्तरांवर सही, कोणी खोटं उत्तर देऊ नये म्हणून. अडचण दिसली तेव्हा त्यांनी वरच्या पानावरची डीएस नोंद काढून माघार घ्यायचं ठरवलं. पण त्या नोंदीची मुदत चोवीस तासांची होती. ज्यांनी ती आधीच वाचली होती ते सही मागत राहिले, सही मिळेना, आणि त्यांच्यासाठी स्लॅक बंद. तुला कोणी डीएनएसएसईसी सुरू करायला सांगितलं तर जरूर कर, पण आधी कमी महत्त्वाच्या डोमेनवर, आणि माघारीची वाट कागदावर लिहून, त्या वाटेला किती तास लागतात ते मोजून.

पूर्णविरामाचं एक. पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब असतं, त्याचा अर्थ नाव इथे संपलं, पुढे काही जोडू नका. टिंब नसेल तर झोन फाइल वाचणारा मागे झोनचं नाव जोडतो. 12 ऑक्टोबर 2009 ला स्वीडनच्या डॉट एसई या अख्ख्या देशाच्या झोनमध्ये, तो तयार करणाऱ्या स्क्रिप्टच्या चुकीनं हे टिंब राहिलं आणि लाखो स्वीडिश डोमेनं सापडेनाशी झाली. माणसाच्या हातून एका ओळीत टिंब राहतं, यंत्राच्या हातून सगळ्या ओळींत राहतं. क्लाउडनुसार रीत बदलते. गूगलच्या क्लाउड डीएनएसला नावाच्या शेवटी टिंब लागतंच. ॲझ्युअरमध्ये झोनच्या आतलं लहान नाव द्यायचं. ॲमेझॉनचा प्रोव्हायडर झोनचं नाव नसेल तर स्वतः जोडून घेतो. एकीकडचा कोड दुसरीकडे उचलून नेलास तर प्लॅनमधलं पूर्ण नाव अक्षर अक्षर वाच.

काही लहान गोष्टी पटपट सांगतो. नुसत्या मुख्य डोमेनवर, पुढे काही नसलेल्या नावावर, सीनेम ठेवता येत नाही. ॲमेझॉनमध्ये तिथे एलियास वापर. एमएक्सनं सीनेमकडे बोट दाखवू नये. टीएक्सटीच्या एका तुकड्यात 255 अक्षरंच मावतात. मेलच्या सहीची 2048 बिटांची किल्ली त्याहून लांब असते, ती दोन तुकड्यांत लिहावी लागते आणि दोन तुकड्यांच्या मधली अवतरणचिन्हं सगळ्यांची चुकतात. आपल्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारं एसपीएफ रेकॉर्ड एकच असावं, आणि त्यातून होणाऱ्या डीएनएस विचारणा दहाच्या वर जाऊ नयेत. मार्केटिंगवाले दर वर्षी नवी मेलसेवा घेतात आणि दहा कधी ओलांडले ते कोणाला कळत नाही.

लोड बॅलन्सरचं नाव कोडमध्ये हातानं टंकू नकोस, त्या लोड बॅलन्सरच्या ब्लॉककडेच निर्देश कर. असा निर्देश असला की टेराफॉर्मला दोघांचं नातं कळतं. बांधताना आधी सर्व्हर, मग नाव. पाडताना आधी नाव, मग सर्व्हर. हातानं टंकलेलं असलं तर सर्व्हर जातो आणि नाव त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतं. मग तीच रिकामी जागा दुसरा कोणी क्लाउडवर भाड्यानं घेतो आणि तुमच्या कंपनीच्या नावाखाली आपलं पान लावतो. पडीक वावरात अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही. सहा महिन्यांतून एकदा सगळी सीनेम रेकॉर्डं तपास आणि ज्याच्या पलीकडे कोणी नाही ते काढ.

स्वयंचलित यंत्रणेवर विश्वास ठेव, पण तिला वेसण असू दे. 2025 च्या दिवाळीच्या दिवसांत, 20 ऑक्टोबरला, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये जे झालं ते आठवत असेल. तिथल्या डायनमोडीबी या डेटाबेस सेवेची डीएनएस रेकॉर्डं यंत्रणाच बदलते. अंमल करणाऱ्या तीन प्रतींपैकी एक रेंगाळली. तोवर दुसरीनं नवा आराखडा लावला आणि जुने आराखडे साफ करायला घेतले. इतक्यात रेंगाळलेलीनं आपला जुना आराखडा नव्यावर चढवला, आणि साफसफाईनं तो जुना म्हणून काढून टाकला. त्या नावासमोर एकही पत्ता उरला नाही. जगभरच्या सेवा अडकल्या, आणि यंत्रणेला स्वतःला सावरता आलं नाही, माणसांनी हातानं दुरुस्त केलं. इतक्या मोठ्या घरात हे होतं, तर आपल्या पाइपलाइनमध्ये एक साधी अट असलीच पाहिजे: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रेकॉर्डं जाणार असतील तर थांब आणि माणसाला विचार. गिटहबनं काढलेल्या ऑक्टोडीएनएसमध्ये ही अट आधीपासून आहे. झोनमधली तीस टक्क्यांहून जास्त रेकॉर्डं बदलणार किंवा जाणार असतील तर ते अडतं. टेराफॉर्ममध्ये ती आपण लिहावी लागते. प्लॅनचा निकाल जेसनमध्ये निघतो, त्यावर दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते. पहिल्या आठवड्यात लिहून टाक.

शेवटचं आपल्या तालुक्यातलं. एका जिनिंगवाल्याचं संकेतस्थळ होतं, त्याच नावावर मेल, त्याच मेलवर परराज्यातले गाठींचे व्यापारी. डोमेन घेतलं होतं ज्या मुलानं साइट बनवली त्याच्या स्वतःच्या खात्यातून, त्याच्याच नावावर. मुलानं गाव सोडलं, नंबर बदलला, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या मेलवर गेली. ऐन हंगामात डोमेनची मुदत संपली आणि कोणीतरी ते विकत घेतलं. त्या गृहस्थांकडे जमिनीचे तीन पिढ्यांचे कागद लोखंडी पेटीत आहेत. पण या नावाचा एकही कागद त्यांच्या नावाचा नव्हता. आम्ही नवं डोमेन घेतलं, त्यांच्या नावावर, आपोआप नूतनीकरण लावून, हस्तांतराचं कुलूप लावून. जुन्या व्यापाऱ्यांना एकेक फोन करावा लागला. तुमच्या कंपनीचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, आठवण कोणत्या मेलवर येते आणि तो मेल त्याच डोमेनवर तर नाही ना, हे सोमवारी सकाळी तपास. हे कोडमध्ये कुठेही दिसत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा त्या उताऱ्याची छापील प्रत आण. ज्या ओळींसमोर मालकाचं नाव लागलं नसेल त्या लाल पेनानं खुणावून ठेव. ओसरीवर बसून एकेक ओळ आपण दोघं मिळून शोधू.